"परत भर ना, काय जातंय?" : एका सल्ल्याची उलटतपासणी

परवा कॅन्टीनमध्ये रसायनशास्त्र विभागातली एक ज्युनिअर समोर येऊन बसली. दोन वर्षांपूर्वी, पीएचडी अर्ध्यावर असताना, तिनं एका मोठ्या कन्सल्टिंग फर्मकडे अर्ज केला होता. पहिली फेरी निघाली, दुसऱ्या फेरीत नाव कटलं. चार ओळींचा मेल आला. त्यात शेवटी 'भविष्यात पुन्हा अर्ज करण्यास आपले स्वागत आहे' असं होतं. अशा फर्म नकारानंतर सहसा वर्ष-दोन वर्षं थांबायला लावतात. तिची ती मुदत आता संपली होती. इकडे थिसिस लिहायला घेतलाय, फेलोशिपचे सात महिने उरलेत, आणि पोस्टडॉक म्हणजे काय हे घरी समजावून सांगायची तिची ताकद संपलीय. चहा गार होईपर्यंत तिनं हे सगळं सांगितलं आणि मग विचारलं, "ताई, परत भरू का?"

मी म्हणाले, "भर ना, काय जातंय?"

किती सहज म्हणाले! ज्युनिअरांच्या मसुद्यांवर दर दोन परिच्छेदांनी 'याला पुरावा काय?' असं लाल पेनानं लिहिणारी मी. एका मुलीच्या पुढच्या वर्षाबद्दल बोलताना मला पुरावा लागलाच नाही. रात्री खोलीवर आल्यावर ते टोचायला लागलं. माझं काम नोकरभरतीच्या समाजशास्त्रावर आहे, म्हणजे निदान कुठे शोधायचं हे तरी मला माहीत असायला हवं. मग तीन-चार रात्री वाचत बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतेय. जे अभ्यास वाचले त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाशी माझं थोडं भांडण आहे, तेही मांडतेय, कारण तुम्ही संशोधनाची तयारी करताय आणि पेपर वाचायचा म्हणजे त्याच्याशी भांडायचंच असतं. शिवाय पेट, फेलोशिप, जर्नल, पोस्टडॉक अशा रांगेनं नकार तुमच्याकडेही येणार आहेत, आणि दर वेळी कुणीतरी चहा पिता पिता म्हणणार आहे, परत भर.

ज्यांना हे जग अगदीच नवं आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. मॅकिन्झी, बीसीजी, बेन अशा फर्म मोठ्या कंपन्यांना आणि सरकारांना व्यवस्थापनाचा सल्ला विकतात. त्या एमबीए झालेल्यांना घेतात तसंच पीएचडी झालेल्यांनाही घेतात. निवडीचा गाभा म्हणजे केस इंटरव्ह्यू. समोरचा माणूस एखाद्या कंपनीची अडचण सांगतो, आणि तुम्ही अर्ध्या तासात ती मोठ्यानं विचार करत सोडवून दाखवायची.

आता सल्ल्याकडे. 'मला पहिल्यांदा नाही म्हणाले, मी हरले नाही, परत गेले, आणि आज इथे आहे.' हे वाक्य तुम्ही माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ऐकलं असेल. ते खरंच असतं, प्रश्न आहे तो मेळाव्याला कोण येतं हा. समजा (आकडे माझे, फक्त हिशेबासाठी) १०० जणांना नकार मिळाला. ७० जणांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही. ३० जणांनी पुन्हा अर्ज केला, त्यातले ४ घेतले गेले. व्यासपीठावर हे चौघे बसतात. उरलेल्या २६ जणांना कुणी बोलावत नाही, आणि ७० तर हिशेबातच नाहीत. चौघांकडे बघून 'पुन्हा प्रयत्न केला की होतं' असं म्हणणं म्हणजे भागाकारातला छेद झाकून ठेवणं. आणखी एक गोची आहे. परत गेलेले ३० आणि न गेलेले ७० हे एकसारखे नव्हतेच. ज्यांचं थोडक्यात हुकलं, ज्यांना आतून कुणीतरी 'पुढच्या वेळी ये' असं सांगितलं, ज्यांच्या घरचा किराणा त्या नोकरीवर अडलेला नव्हता, ते परत गेले असण्याची शक्यता जास्त. त्यांच्या यशाचं श्रेय 'परत जाण्याला' द्यायचं की आधीच्या या गोष्टींना? नुसत्या गोष्टी ऐकून हे सुटत नाही.

मग आधी नकार कसा तयार होतो ते बघू. यावर सर्वांत जास्त उद्धृत होणारं काम लॉरेन रिव्हेरा या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचं आहे. २०१२ मध्ये अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यूमध्ये त्यांचा लेख आला, आणि २०१५ मध्ये 'पेडिग्री' हे पुस्तक. गुंतवणूक बँका, मोठ्या वकिली फर्म आणि कन्सल्टिंग फर्म इथे उमेदवार निवडणाऱ्या १२० जणांशी त्या बोलल्या, आणि एका फर्मच्या भरती विभागात आत राहून त्यांनी निरीक्षण केलं. त्यांना काय दिसलं, तर अर्जांची पहिली चाळणी कॉलेजच्या नावावर होते. पुढे छंद आणि 'इतर उपक्रम' बघितले जातात, तेही वर्षानुवर्षं पैसा आणि वेळ ओतून जोपासलेले. मुलाखतीत निम्म्याहून जास्त निवडकर्त्यांनी 'फिट' हा सर्वांत महत्त्वाचा निकष सांगितला. फिट म्हणजे काय? त्यांच्यात एक विमानतळाची कसोटी चालते : विमान रद्द झालं आणि या माणसाबरोबर रात्रभर विमानतळावर अडकून पडायची वेळ आली, तर चालेल का? कन्सल्टिंगमध्ये केस इंटरव्ह्यू असल्यामुळे या फिटचं वजन वकिली फर्मच्या मानानं कमी पडतं. पण केस सोडवायची 'रीत' हीसुद्धा ठरावीक कॉलेजांतल्या मुलांना सीनिअरांकडून, क्लबांकडून आयती मिळते हे रिव्हेरा दाखवतात. बाहेरच्याला वाटतं ही बुद्धीची परीक्षा आहे. ती काही अंशी ओळखपाळख असलेल्या भाषेचीही परीक्षा असते.

हे वाचताना मला माझ्या ज्युनिअरचा एक किस्सा आठवला. दुसऱ्या फेरीत तिला विचारलं होतं, अभ्यासाव्यतिरिक्त काय करता? ती बार्शीकडची. बारावीपासून वडिलांच्या किराणा दुकानाची उधारीची वही तीच सांभाळायची, आणि संध्याकाळी शिकवण्या. ती म्हणाली, "शिकवण्या घेत होते." दुकानाचं बोललीच नाही, कारण तो काही छंद नव्हे असं तिला वाटलं. समोरच्यानं मान हलवली आणि पुढच्या प्रश्नावर गेला. उधारी कुणाला द्यायची, किती दिवस थांबायचं, माल कधी उचलायचा हे ज्या मुलीनं सहा वर्षं केलं, तिच्या खात्यावर 'इतर' या रकान्यात शून्य जमा झालं. हे रिव्हेरांच्या पुस्तकातलं एखादं पान वाटावं इतकं जुळतं.

आणि म्हणूनच जरा सावध. इतकं जुळणारं काही सापडलं की मी हल्ली पेन्सिल बाजूला ठेवते. रिव्हेरांच्या कामाचा मुख्य आधार म्हणजे निवडणारे लोक स्वतःच्या निवडीबद्दल जे बोलले ते. माणसं आपल्या निर्णयाची जी कारणं सांगतात आणि निर्णय ज्यामुळे होतो, यात अंतर असू शकतं. निरीक्षणामुळे हे अंतर थोडं भरून निघतं, पण ते एका फर्मपुरतं. दुसरं असं की पुस्तकाची नजर दारावर आहे. दाराबाहेर गेलेल्या माणसाचं पुढे काय होतं, तो दोन वर्षांनी परत आला तर तीच माणसं त्याच्याकडे कशी बघतात, हा प्रश्न त्या पुस्तकाचा नाही. तो आपला आहे. तिसरं, हे अमेरिकेतलं आहे. आपल्याकडे पहिली चाळणी आणखी अलीकडे लागते, ती म्हणजे फर्म कुठल्या कॅम्पसवर येतात हीच. आयआयएम किंवा आयआयटीत असाल तर फर्म तुमच्या दारात येते. राज्य विद्यापीठात असाल तर दार तुम्ही शोधायचं. माझी ज्युनिअर मुलाखतीपर्यंत पोचली ती एका सीनिअरच्या रेफरलवर, आणि तो सीनिअर दरम्यान फर्म सोडून गेलाय. म्हणजे 'पुन्हा अर्ज' हा तिच्या बाबतीत मागच्याच जागेवरून पुन्हा धावणं नव्हे. सुरुवातच दहा पावलं मागून आहे.

बरं, मुलाखत तरी किती नेमकी मोजते? इथे आकडे आहेत आणि त्यांची गोष्ट छान आहे. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी निवडपद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र केलं. त्यांच्या हिशेबात ठरावीक प्रश्न आणि ठरावीक गुणपत्रक असलेल्या, म्हणजे रचनाबद्ध मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध ०.५१ निघाला, आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८. वीस-बावीस वर्षं हेच आकडे पाठ्यपुस्तकांत फिरत होते. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यात एक सांख्यिकी दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त सढळपणे लावलेली होती. ती सुधारल्यावर रचनाबद्ध मुलाखत ०.४२ वर आली आणि मोकळी थेट ०.१९ वर. (पाठ्यपुस्तकातला आकडाही तपासायचा असतो, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल तर हा पेपर शिकवेल.) ०.४२ हा आकडा त्यांच्या तुलनेत सगळ्यांत वरचा आहे, म्हणजे नीट घेतलेली मुलाखत टाकाऊ नाही. पण त्याचा वर्ग केला तर साधारण ०.१८. कामगिरीत माणसामाणसांत जो फरक असतो त्याचा पाचवा हिस्साही मुलाखतीतून कळत नाही. आणि 'कामगिरी' म्हणजे तरी काय, तर बहुतेक अभ्यासांत साहेबानं दिलेले गुण.

याचा अर्थ, नकारात तुमच्याबद्दलची माहिती असते, पण पातळ असते. दुधात पाणी किती आणि पाण्यात दूध किती हे एका मुलाखतीवरून ओळखता येत नाही.

मला हे आकड्यांपेक्षा स्वतःवरून जास्त पटलं. गेल्या आठवड्यात ज्युनिअरच्या सरावासाठी मी आणि अर्थशास्त्राचा एक मित्र निवडकर्ते होऊन बसलो. केस आमचीच : एका डेअरीचा नफा दोन वर्षांत घटला, का ते शोध. तिनं आधी उत्पन्न, खर्च असं विभागलं, मग मधेच थांबून विचारलं, "उन्हाळ्यात संकलन किती पडतं?" मला तो प्रश्न इतका आवडला की मी १० पैकी ८ दिले. मित्रानं ४ दिले, कारण ती आखलेली वाट सोडून मधेच आडवळणाला गेली. दोघंही आपापल्या जागी ठाम. त्याच्या मते मी गावाकडची असल्यानं भुलले. माझ्या मते त्यानं कधी म्हैस बघितलेली नाही. असे दोन निवडकर्ते असतील तर तिचं काय व्हायचं हे त्या दिवशी कोण समोर बसतं यावर ठरणार.

आता कुणी म्हणेल, दुसऱ्या खेपेला सरावानं फरक पडतोच ना? पडतो. बुद्धिमापनाच्या चाचण्या पुन्हा दिल्या तर गुण किती वाढतात यावर २००७ मध्ये हाउसनेख्ट आणि सहकाऱ्यांचं मेटा-विश्लेषण आहे. ५० अभ्यास, १,३४,००० हून जास्त माणसं. सरासरी वाढ ०.२६ प्रमाण विचलन. म्हणजे बरोबर मधोमध असलेला उमेदवार शंभरातल्या पन्नासाव्या जागेवरून साधारण साठाव्या जागेवर जातो. सोबत शिकवणी असेल तर वाढ जास्त. पण हे लेखी चाचण्यांचं झालं. ते उचलून केस इंटरव्ह्यूला चिकटवायचं नाही, नाहीतर व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक तुम्हालाच उचलून बाहेर ठेवतील. आणि शिकवणी कुणाला परवडते, हा प्रश्न रिव्हेरांच्या पुस्तकापासून इथपर्यंत मागे मागे येतच राहतो.

आता मला सगळ्यात जास्त रस असलेल्या भागाकडे येते. नकाराचा स्वतःचा परिणाम काय? हे मोजणं अवघड, कारण नकार मिळालेले आणि न मिळालेले मुळात वेगळे असतात. पण एक युक्ती आहे. जिथे निवड गुणांच्या रेषेवर होते, तिथे रेषेच्या अगदी जरा वर आणि अगदी जरा खाली असलेली माणसं घ्यायची. त्यांच्यात फरक जवळजवळ नशिबाचा. मग पुढच्या वर्षांत त्यांचं काय झालं ते बघायचं. कन्सल्टिंग फर्म आपल्या गुणांच्या याद्या संशोधकांना देत नाहीत. संशोधन निधी देणाऱ्या संस्थांच्या याद्या मात्र अभ्यासल्या गेल्या आहेत, म्हणून थोडं वाकडं जाऊन तिकडे बघू. तसंही तो तुमचाच पुढचा मुक्काम आहे.

२०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये यांग वांग, बेंजामिन जोन्स आणि दाशुन वांग यांचा पेपर आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे, म्हणजे एनआयएचकडे, १९९० ते २००५ या काळात निधीसाठी अर्ज केलेले, कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेले शास्त्रज्ञ त्यांनी घेतले. थोडक्यात हुकलेले विरुद्ध थोडक्यात जिंकलेले. निष्कर्ष दोन. थोडक्यात हुकलेल्यांची त्या निधीव्यवस्थेतून कायमचं नाहीसं होण्याची शक्यता १० टक्क्यांहून अधिक वाढली. पण जे टिकले, त्यांचे सर्वाधिक उद्धृत ५ टक्क्यांत बसणारे पेपर पुढे थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षाही जास्त निघाले.

दुसऱ्या निष्कर्षावर जगभर बातम्या झाल्या. 'अपयशानं माणूस घडतो, आता शास्त्रानंही सिद्ध केलं.' पहिला निष्कर्ष बातमीच्या तळाशी गेला. तुम्ही लगेच म्हणाल, कच्चे गळाले म्हणून उरलेल्यांची सरासरी वर गेली, एवढंच असेल! शाबास, पण लेखकांनीही हे आधीच धरलंय. त्यांनी जिंकलेल्यांच्या गटातून तेवढ्याच प्रमाणात सर्वांत मागे पडलेले काढून टाकले आणि पुन्हा तुलना केली. तरी फरक उरला. म्हणजे नुसती गळती हे पूर्ण उत्तर नाही. इथे त्यांना मी पूर्ण गुण देते. माझं भांडण आहे ते या पेपरच्या वापराशी. हा अभ्यास टिकलेल्यांच्या सरासरीबद्दल सांगतो. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलीला आपण टिकणाऱ्यांत असू की गळणाऱ्यांत हे आधी कळत नसतं. तिच्यासाठी दोन्ही निष्कर्ष एकत्रच वाचायला हवेत, आणि बातमी तिला अर्धाच वाचून दाखवते.

त्याआधी एक वर्ष, २०१८ मध्ये, पीएनएएसमध्ये थाइस बोल, मथाइस द वान आणि आर्नाउट व्हॅन द राइट यांनी हीच युक्ती नेदरलँड्समधल्या वेनी या अनुदानावर वापरली. हे अनुदान नुकतीच पीएचडी झालेल्यांसाठी असतं. तिथे निकाल उलटा! रेषेच्या जरा वर असलेल्यांनी पुढच्या आठ वर्षांत रेषेच्या जरा खाली असलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त निधी मिळवला. सुरुवातीला गुण जवळजवळ सारखेच होते, बरं का.

आता कुणाचं खरं मानायचं? नवीन विद्यार्थी इथे एक बाजू निवडून मोकळे होतात. घाई करू नका. दोघांनी मोजलेलं वेगळं आहे. एकानं टिकलेल्यांचे पेपर मोजले, दुसऱ्यानं सगळ्यांचा पैसा. आणि दोन्ही पेपर शेजारी ठेवून वाचले तर एका जागी ते एकमेकांना दुजोरा देतात. डच अभ्यासात दुपटीच्या फरकाचं एक कारण असं निघालं की नकार मिळालेल्यांनी पुढच्या फेऱ्यांना अर्जच कमी केले. अमेरिकेत ते नाहीसे झाले. नकारानं त्यांची बुद्धी कमी झाली नव्हती. पुढचा फॉर्म भरला गेला नव्हता. पातळ माहितीवरून काढलेला निष्कर्ष माणसानं स्वतःच्या हातानं घट्ट केला, असं मी हे वाचते.

मग फॉर्म कोण भरत नाही? रेना ब्रँड्स आणि इसाबेल फर्नांडेझ-मातेओ यांचा २०१७ चा पेपर (अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली) थेट आपल्या विषयाला भिडतो. ब्रिटनमधल्या वरिष्ठ पदांसाठी माणसं शोधणाऱ्या एका फर्मच्या नोंदी त्यांनी तपासल्या, १०,००० हून जास्त अधिकाऱ्यांच्या. एकदा नकार मिळाल्यावर पुन्हा तसल्या जागेसाठी उभं राहायचं प्रमाण पुरुषांतही घटतं, पण स्त्रियांत हा परिणाम साधारण दीडपट. सोपं उत्तर म्हणजे 'बायकांना आत्मविश्वास कमी'. लेखिका ते उत्तर घेत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की ज्या ठिकाणी आपल्यासारखे कमी असतात तिथे नकार हा 'तू इथली नाहीस' असा ऐकू येतो, आणि म्हणून आपल्याला न्यायानं वागवलं गेलं का, हे जास्त बोचतं. बार्शीच्या मुलीच्या 'शिकवण्या घेत होते' या उत्तरावर हललेली ती मान आठवा.

याही पेपरशी माझं एक भांडण आहे. त्याच वाटेला पुन्हा न जाणं म्हणजे स्पर्धेतून माघार, असा एक सूर त्यात लागतो. ज्या घरात पाणीसुद्धा विचारलं नाही तिथे पुन्हा न जाणं हा शहाणपणही असू शकतो. ती दुसऱ्या घरी गेली असेल. शिवाय हे सगळे वरच्या पदांवरचे लोक, ज्यांच्या हातात एक नोकरी होतीच. सात महिन्यांची फेलोशिप उरलेल्या मुलीची गणितं वेगळी असतात.

इथे मी माझ्या 'काय जातंय?'कडे परत येते. जातं की! केस इंटरव्ह्यूची तयारी म्हणजे दोन-तीन महिने रोज संध्याकाळचे दोन तास, आणि समोर बसायला कुणीतरी जाणता. यूजीसीची फेलोशिप २०२३ पासून जेआरएफला ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये महिना आहे, जास्तीत जास्त पाच वर्षं. मिळते त्यांना बरी, पण ती संपली की थिसिस जमा होईपर्यंतचे महिने कोरडे. पुष्कळांना तीही मिळत नाही. त्या संध्याकाळी थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणातून जातात. 'काय जातंय' असं ज्याला म्हणता येतं त्याचं खरंच काही जात नसतं, आणि मी, जिची फेलोशिप अजून दीड वर्ष आहे, ते म्हणून मोकळी झाले.

तुमच्या पेटलाही हेच लागू. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रवेश परीक्षेतून येणाऱ्यांसाठी लेखीला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे. ते ३० टक्के जिथे मोकळ्या गप्पांसारखे घेतले जातात, तिथे वरचा ०.१९ आठवा आणि नापास झाल्यावर 'मी संशोधनाच्या लायकच नाही' हे वाक्य वहीत लिहू नका. पण उलट बाजूनं, पॅनेल मूर्ख होतं असंही लिहू नका. तेवढाही पुरावा त्या एका दुपारीत नसतो. लिहायचं तर हे लिहा : कुठल्या प्रश्नाला काय उत्तर दिलं, समोर कोण होतं, कुठे अडखळले. तीन दिवसांच्या आत, आठवणीला रंग चढायच्या आधी. पुढच्या वेळी नेमकं काय बदलणार आहे हे त्या कागदावरून दिसतं, आणि काहीच बदलणार नसेल तर तेही दिसतं.

ज्युनिअरला मी हे सगळं सांगितलं, थोडं जास्तच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भरू की नको?" मग आम्ही तिच्या जुन्या मुलाखतीचा कागद करायला बसलो. दोन वर्षांनी जेवढं आठवलं तेवढं. केसमध्ये ती कुठे अडकली होती ते निघालं. गुणाकार मनात करताना गप्प बसली होती, समोरच्याला वाटलं असेल थांबली. हे सुधारण्यासारखं आहे. रेफरलवाला सीनिअर नाही, हे सुधारण्यासारखं नाही. तिनं ठरवलं की रोज दोन तास द्यायचे नाहीत. शनिवार-रविवार, सहा आठवडे, आणि तिसरं प्रकरण गाइडकडे गेल्याशिवाय एकही केस नाही. त्याच फर्मबरोबर आणखी दोन ठिकाणी अर्ज, म्हणजे एकाच दारावर सगळं अवलंबून नको. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काही झालं नाही तर पोस्टडॉकचे अर्ज सुरू.

फॉर्म काल रात्री साडेअकराला गेला. पाठवण्याआधी तिनं मला 'इतर अनुभव' हा रकाना वाचून दाखवला. सहा वर्षं किराणा दुकानाचा उधारी-हिशेब, सुमारे ९० घरांची खाती. "ताई, घरं नव्वदच होती की जास्त, बाबांना फोन करून विचारू का?" मी म्हटलं, विचार. बाबांनी झोपेतून उठून वही काढली. १०४ निघाली.